साळूआक्काची बाजरी

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. फार वर्षांपूर्वीचा, आषाढातला. माणदेशाच्या कडेला खडकजाई नावाचं गाव आहे. त्या गावाबाहेरच्या लिंबाखाली साळूआक्का पाटलांच्या कुत्र्याच्या कानातले गोचीड काढत बसली होती, आणि दौलत पाटील जवळच्या दगडावर बसून बघत होते.

साळूआक्का धनगराची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. तिच्याजवळ हरणी नावाची कारवानी कुत्री होती, लांब पायांची, पोट आत गेलेली, धावायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं अशी. पण आक्काचा हात गावातल्या सगळ्याच कुत्र्यांवर फिरायचा. कुणाच्या कुत्र्याला खरूज झाली, कुणाच्या पिलाच्या पोटात जंत झाले, कुणाच्या कुत्र्याच्या पंजात बाभळीचा काटा मोडला, की माणसं तिच्याकडे यायची. तिनं कानात नुसती फुंकर मारली तरी गोचीड आपणहून खाली पडायचे, असं म्हणतात. त्या दिवशी मात्र ती करंजाचं तेल लावून एकेक गोचीड चिमटीत धरून, मुळापासून सरळ ओढून काढत होती.

"ओढून तोडू नगा, मुंडकं आत ऱ्हातं," ती म्हणाली. "आनी पाटील, ह्या बाळ्याला खायला काय घालताय?"

"काय घालणार? उरलेलं. जरा तूपभात."

"हे कुत्रं न्हाई ऱ्हायलं. नांगराला जुपा आता."

पाटील हसले. "आक्के, आमच्या दारचं कुत्रं तुझ्या हरणीसारखं दिसलं तर पावणे म्हणतील पाटलाची चूल बंद पडली."

"म्हनू द्या. कारवानी कुत्र्याच्या बरगड्या दिसाय पायजेत. तुमच्या बाळ्याच्या मला हात दाबून हुडकाव्या लागत्यात. भाकरी न् ताक द्या, आनी रोज माळावर पळवा. न्हाईतर उन्हाळ्यात धापा टाकूनच मरंल."

इतक्यात डोंगराकडून धुळबा मेंढके पळत येताना दिसला. त्याच्या डोक्यावर पागोटं नव्हतं. तो लिंबाखाली येऊन धापा टाकत उभा राहिला.

"लांडगा आला हुता," तो म्हणाला. "दिवसाढवळ्या. मेंढरू उचललं न्हाई पाटील. नुसता चावत सुटला. तोंडाला फेस. ह्याला चाव, त्याला चाव, आनी वड्यात जाऊन पडला. मेला थितंच."

पाटील उठून उभे राहिले. पिसाळलेला लांडगा म्हणजे काय ते खडकजाईत पोरांनाही ठाऊक होतं.

"मानसं?" पाटलांनी विचारलं.

"मानसास्नी न्हाई. मेंढरं चावली. कुत्री चावली. माझा काजळ्या. आनी वस्त्यांवरची तीन."

आक्काच्या चिमटीत एक गोचीड होता. तो तिनं तेलाच्या वाटीत टाकला. हरणी त्या दिवशी धुळबाच्या कळपाबरोबर माळावर गेली होती.

"हरणी?" तिनं विचारलं.

धुळबा खाली बघत म्हणाला, "हरणीनंच आडवला त्याला, आक्का. न्हाईतर मीबी ऱ्हायलो नसतो."

त्या काळी पिसाळण्याच्या रोगावर लस नव्हती. चावलेल्याला डाग द्यायचा आणि वाट बघायची, एवढंच. म्हणून गावाचा जुना रिवाज कडक होता. शिवारात पिसाळलेलं जनावर शिरलं, की गावातलं झाडून सगळं कुत्रं मारायचं, चावलेलं आणि न चावलेलंही. चावडीवर माणसं जमली तेव्हा काठ्या बरोबरच आणल्या होत्या. चावलेली मेंढरं तोवर पुरून झाली होती.

साळूआक्का चावडीच्या पायरीशी उभी राहिली.

"सगळी कुत्री मारलीत तर थंडीत लांडगे येतील, तवा मेंढरांपुढं कोन हुबं ऱ्हानार?" ती म्हणाली. "चांगले लांडगेबी मेंढरू खात्यातच की."

"कुत्रं गेलं तर दुसरं मिळतं, आक्के," पाटील म्हणाले. "माझ्या घरात पाळण्यातलं पोर हाय. ते गेलं तर?"

"त्या पोरासाठीच बोलतीया. न चावलेली घरात बांधा. चावलेली माझ्याकडं द्या. गावाबाहेर, एकेकाला येगळं काट्याचं कुंपन. दुसऱ्या कुनी जवळ जायाचं न्हाई. मीबी हात लावनार न्हाई."

"किती दिवस?"

"माझा बाप सांगायचा, पिसाळ अंगात बसून ऱ्हातो. लौकर दिसत न्हाई. बाजरी पेरून तिची कापनी हुईस्तवर थांबायचं. तवर जे कुत्रं धड ऱ्हायलं, ते धड."

पाटलांनी खूप वेळ विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. "ठीक," ते म्हणाले. "पण एक जरी सुटलं, तर गावात कुत्रं म्हणून ठेवणार नाही. बाळ्यासुद्धा नाही."

आक्कानं त्याच दिवशी माळावर बाभळीच्या काट्यांची पाच कुंपणं केली. लांबून फास टाकून कुत्री एकेक करून आत घेतली. मडकं लांब काठीला बांधून त्यांच्या जखमांवर रिठ्याचं पाणी पुन्हा पुन्हा ओतलं. भाकरी ती काठीनं आत सरकवायची, पाणी पन्हळीनं सोडायची. आणि कुंपणांच्या पुढ्यात जमिनीची एक लांबट पट्टी उकरून तिनं बाजरी पेरली.

त्या साली पाऊस शिवाराआड पडला. ओढ्यापलीकडच्या गावात पडला, खडकजाईत नाही. ढग आक्काच्या पट्टीवर यायचे आणि मान फिरवून जायचे, असं म्हणतात. तिनं विहिरीवरून घागरी आणून ती पट्टी जगवली. पण घागरीच्या पाण्यावरचं पीक ते. पलीकडची बाजरी छातीला लागली, तेव्हा इकडची गुडघ्याएवढी होती.

भाद्रपद सरता सरता पलीकडच्या गावात कापणी सुरू झाली. तेव्हा माणसं आक्काकडे आली. पुढे धुळबा होता. काजळ्याशिवाय कळप राखताना त्याचे हाल चालले होते.

"बाजरी निघाली, आक्का. सोड आता."

"कुनाची निघाली? माझी हुबी हाय."

"तुझी कवा पिकायची! तू काय दिवस मोजायचं सोडून कणसं मोजतीस काय?"

माणसं हसली. मग त्यांनी पाण्याची परात मागवली. खडकजाईत तेव्हा एक समज होता, की पिसाळलेलं कुत्रं पाणी बघून भितं. कुत्र्यापुढे परात ठेवायची. प्यालं तर ते कुत्रं निर्दोष. काठीनं एकेका कुंपणात परात सरकवली. पाचही कुत्री पाणी प्याली. हरणी तर पिऊन झाल्यावर शेपूट हलवत कुंपणाशी आली आणि आक्काकडे बघत उभी राहिली.

"बघ," धुळबा म्हणाला. "आता काय म्हननं हाय तुझं?"

"पान्याला भितं ते मानूस," आक्का म्हणाली. "कुत्रं शेवटपातुर पानी पितंय. कुत्र्याचा आवाज बघायचा, खालचा जबडा बघायचा. माती, लाकूड चावतंय का बघायचं. परातीवर इस्वास ठेवून कैक घरं बुडाली."

पण बोलता बोलता तिचा हात कुंपणाच्या दारावर, काट्यांच्या झापेवर गेला होता. पलीकडची बाजरी निघाली हे खोटं नव्हतं. हरणीला पाठीवर हात हवा होता हेही तिला दिसत होतं. पिलू होतं तेव्हापासून त्या कुत्रीचा एक दिवस तिच्या हाताशिवाय गेला नव्हता. झापेची दोरी एका ओढीत सुटली असती.

तिनं हात काढला. पट्टीतलं एक कणीस मोडलं आणि माणसांपुढं अंगठ्यानं दाबलं. दाण्यातून पांढरं दूध आलं.

"अजून दूध हाय," ती म्हणाली. "दाना भरू द्या. बोलनं ह्या बाजरीवर झालंय, पलीकडच्या न्हाई."

माणसं शिव्या देत परत गेली. म्हातारीला चळ लागला, असं धुळबा वाटेत म्हणाला.

दसऱ्यानंतर एका सकाळी आक्का भाकरी घेऊन माळावर आली, तेव्हा हरणी भुंकली. सुरुवात भुंकण्याची होती आणि शेवट भलत्याच सुरात, लांबलचक, घोगरा. आक्का जागेवरच थांबली. हरणीनं भाकरी तोंडात धरली, पण तिला ती गिळता येईना. दुपारी ती कुंपणाची लाकडं चावू लागली. संध्याकाळपर्यंत खालचा जबडा लोंबला.

आक्का कुंपणाबाहेर बसून राहिली. ती हरणीशी बोलत होती. काय बोलत होती ते कुणाला कळलं नाही, कारण तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पुढचे दिवस ती तिथून हलली नाही, असं म्हणतात. हरणी एकदा झापेपर्यंत सरपटत आली आणि तिथं डोकं टेकून पडली. आक्कानं हात लावला नाही.

हरणी मेल्यावर आक्कानं तिला लांब आकड्यानं ओढलं, खोल खड्ड्यात घातलं, वर चुना टाकला, त्यावर माती आणि त्यावर काटे. मग आकडा जाळला.

तोवर काठ्या घेऊन माणसं आलीच होती. आता बाकीचीही मारा, असा गलका झाला. दौलत पाटील पुढे झाले. ते आक्काकडे बघत होते.

"ठरलं तेवढंच ठरलं," आक्का म्हणाली. "कुंपन मोडलं का? कुनाला दात लागला का? माझी गेली. तुमची चार हुबी हायती. त्यांच्या वाट्याची बाजरी अजून हिरवी हाय."

पाटलांनी पट्टीकडे पाहिलं. मग पलीकडच्या गावच्या रिकाम्या रानांकडे पाहिलं. तिथली कापणी धरून कुंपणं उघडली असती, तर हरणी आज गावात असती, आणि गावात त्यांचा पाळणा होता. हे त्यांना एकदम उमजलं. त्यांनी आपली काठी खाली ठेवली. एकेक करत बाकीच्यांनीही ठेवल्या. धुळबा शेवटचा. त्यानं काठी ठेवली आणि तिथंच खाली बसला.

त्या बाजरीनं मुद्दाम वेळ लावला, असं म्हणतात. ढगांनाही ते माहीत होतं, असं म्हणतात. आणि हरणी गेल्यावर ती पट्टी बघता बघता पिकली, हात-हात लांब कणसं लागली, आणि तेवढ्याशा धान्याच्या भाकरी अख्ख्या गावाला पुरल्या, माणसांना आणि कुत्र्यांनाही. कार्तिकात कापणी झाली त्या दिवशी काजळ्या आणि बाकीची तिन्ही कुत्री बाहेर आली. चौघंही धड होती. ती म्हातारी होऊन मेली.

"दुसरं कुत्रं बघू का तुला?" धुळबानं आक्काला विचारलं.

"लोकांची हायती की," ती म्हणाली आणि बाळ्याचा पंजा हातात घेऊन वाढलेली नखं बघू लागली.

ती पुढे पुष्कळ जगली. तिच्या शेवटच्या दिवशी आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरची कुत्री येऊन लिंबाखाली रांगेनं बसली आणि तिला उचलून नेईपर्यंत एकानंही आवाज केला नाही, असं म्हणतात.

खडकजाईत आजही माळावरची ती पट्टी कुणी विकत नाही. दर आषाढात तिथं आक्काच्या नावानं बाजरी पेरतात आणि तिची पहिली भाकरी कुत्र्यांना घालतात. त्या दिवशी जो तो आपल्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवतो. कानात बघतो, बोटांच्या बेचक्यांत बघतो, पोटाखाली बघतो. पिलांचे कान कापायची धनगरांची जुनी रीत या गावानं सोडली, तीही आक्काच्या शब्दावर. बायका पोरांना सांगतात, उन्हातून आलेल्या कुत्र्याला आधी सावली, मग पाणी, मग भाकरी. धावून दमलेल्याला लगेच खायला घालू नये. कुत्रं चावलं तर जखम साबणानं खूप वेळ धुवावी आणि घरी डाग देत न बसता सरळ दवाखाना गाठावा. परात आता कुणी ठेवत नाही.

अलीकडे कापणीच्या दिवशी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर येतात. गावातली कुत्री पट्टीच्या कडेनं उभी करतात आणि एकेकाला पिसाळण्यावरची लस टोचून घेतात.

यंदा डोंगरावरच्या वस्तीची वाट पावसात खचली होती. तिथल्या कुत्र्यांना लस द्यायची राहिली आहे. म्हणून पट्टीवरची बाजरी अजून उभी आहे.