धुरपदाची हाक

फार वर्षांपूर्वी, कृष्णेवर पूल नव्हता आणि हळद बैलांच्या पाठीवरून घाट उतरायची तेव्हा, आमणगावात धुरपदा आणि बाळोजी हे जोडपं राहायचं. गावची हळद असायची जमिनीच्या पोटात, पेवांमध्ये. पेव म्हणजे तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं आणि आत खोलीएवढा खड्डा. हळद भरून वरून माती लिंपली की वर्षानुवर्षं किडा लागत नसे. पण बंद पेवातली हवा माणसाला मारते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मगच कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं. वरच्यानं हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा.

बाळोजी उतरायचा आणि धुरपदा दोर धरायची. त्यांच्या हाका साऱ्या माळाला ऐकू जायच्या. लोक हसून म्हणायचे, यांचा संसार पेवाच्या तोंडावरच चाललाय.

त्या वर्षी त्यांच्या ठकूचं लग्न ठरलं. त्यांच्या पेवातली वरची हळद आसपासच्या बाजारांत खपली होती. तळाशी उरली होती निवडक, लांबसडक हळकुंडं, आणि ती धुरपदानं लेकीच्या लग्नासाठी मनात धरली होती. पण बंदरावरच्या एका व्यापाऱ्याचं गलबत अरबांच्या मुलखाला निघायचं होतं. पावसानं बंदर बंद व्हायच्या आत माल पोचायला हवा होता, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला मोडका तुकडा चालत नसे. बाळोजीनं तळाची सगळी हळद त्याला कबूल करून टाकली.

धुरपदा कडाडली. "लेकीच्या अंगाला बाजारातलं तुकडं कुटून लावायचं, आन् हळकुंडं परमुलखात धाडायची व्हय?"

"शब्द दिलाय म्या."

"मग ऱ्हावा त्या शब्दासंगं. आजपास्नं माज्याशी बोलू नगा."

बाळोजी शब्दाचा पक्का होता. त्या घडीपासून त्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचे बैल माळावर येऊन उभे राहिले. पेव पहाटे उघडलेलं. दिवसभर थांबायला कुणाला सवड होती? उन्हं वर येताच बाळोजी उतरला. धुरपदानं फुगलेल्या तोंडानं दोर धरला. एक पाटी वर आली, मग दुसरी आली. पुढची येईना, तेव्हा तिनं हाक मारली. ओ आली नाही.

तिला वाटलं, रुसलाय. मीच बोलू नका म्हटलं, तर आता ओ पण देत नाही. बरं, राहू दे. आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. तिच्या काळजात चर्र झालं तोवर फार उशीर झाला होता.

असं म्हणतात, तिनं एकटीनं त्याला वर ओढलं. दोरानं तळहात सोलले, त्या जखमांत हळद शिरली ती कायमची. नदीवर हात धुतले तर घाटापासून डोहापर्यंत कृष्णा पिवळी झाली, असं म्हणतात. पण बाळोजी काही उठला नाही.

व्यापाऱ्याचा माणूस चुटपुटत म्हणाला, "बाई, वाईट झालं खरं. पण माल तेवढा..."

धुरपदा पेवाच्या तोंडाशी बसली. "त्यांनी ओ दिल्याबिगार कुनी खाली उतरायचं न्हाई."

बैल रिकामे परतले. गलबत निघून गेलं. ती मात्र पेवात तोंड घालून हाका मारत राहिली. "अवो, बोला की! चुकलं माजं, बोला की!" लोकांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. मग एका दुपारी पेवातून ओ आली. माळावरच्या साऱ्यांनी ती ऐकली, असं म्हणतात. लोक उतरले तर आत हवा अगदी स्वच्छ.

हळद लग्नाला आली. पण विधवेनं नवरीला हळद लावायची नाही, हा त्या काळचा रिवाज. जिच्यासाठी ती भांडली, ती हळद लेकीला लावायला तिचे हात चालेनात. शेजारणींनी ठकूला हळद लावली, आणि धुरपदा आपले पिवळे हात पदराखाली घेऊन दाराआड उभी राहिली. हे सांगताना माझा आजही संताप होतो.

पुढे ती म्हातारी होईपर्यंत गावातल्या प्रत्येक पेवावर जाऊन हाक मारायची. आतून ओ आली तरच माणसं उतरायची. ती होती तोवर पेवानं कुणाचा जीव घेतला नाही, असं म्हणतात.

आता गोदामं झाली, हळद डब्यांत भरून बोटीनं कुठल्या कुठे जाते. तरी आमणगावात जुनं पेव उघडायचं तर दोर बांधण्याआधी वर थांबणारा उतरणाऱ्याला विचारतो, "राग न्हाई न्हवं?" त्यानं मोठ्यानं "न्हाई" म्हटल्याशिवाय दोर बांधत नाहीत. पहिली पाटी निघते ती धुरपदाची. ती ना बाजारात जाते ना बंदरावर, ती लग्नघरांत वाटतात. आणि त्या गावात नवरीला पहिली हळद तिची आईच लावते, मग तिच्या कपाळी कुंकू असो वा नसो.