समोर कोणी उभं राहावं म्हणून

एकदा एक वृद्ध गुरू एका तालुक्याच्या गावी राहत होते. गुरू म्हटलं की आपल्याला जटा आणि कमंडलू आठवतो. यांच्या गळ्यात शिट्टी असे. धान्याच्या गोदामामागे बास्केटबॉलचं एक मैदान होतं, तोच त्यांचा आश्रम. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत.

त्यांच्या शिष्यांत हेमांगी आणि तबस्सुम या दोघी अग्रगण्य. परकर-फ्रॉकच्या वयापासून एकाच मैदानावर वाढलेल्या, एकमेकींवाचून घास न गिळणाऱ्या. दोन बाजू पाडताना तिथला रिवाज असा, की बरोबरीच्या दोघींनी गळ्यात हात घालून बाजूला जायचं, गुपचूप दोन नावं ठरवायची आणि परत येऊन दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांना विचारायचं, ‘आंबा की फणस?’ एका म्होरक्याने आंबा घ्यावा, दुसऱ्याच्या वाट्याला फणस जावा. त्यामुळे या दोघी रोज गळ्यात हात घालून जात आणि रोज समोरासमोर उभ्या राहत.

पुढे दोघींनी मोठ्या व्यावसायिक स्पर्धेसाठी नाव दिलं. समुद्राकाठच्या शहराचा विजेता संघ दोघींनाही घ्यायला उत्सुक होता. अखेर एकाच बाजूने खेळायचं, एकाच खोलीत राहायचं, असे बेत झाले. पण त्या स्पर्धेचा नियम निराळा. नव्या खेळाडूंमधून पहिली निवड गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची, आणि खेळाडूने चार वर्षं तिथेच खेळायचं. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. तळाला होता कोळशाच्या खाणींच्या गावचा संघ. त्याने पहिलंच नाव हेमांगीचं घेतलं. मधल्या संघांनी उंच मुली घेतल्या, आणि तबस्सुम शेवटच्या निवडीत समुद्राकाठी गेली.

हेमांगी तडक अण्णांकडे आली. म्हणाली, “अण्णा, हल्ली लग्न ठरवतानासुद्धा मुलीला विचारतात. मला कोणी विचारलं?” ती नकार कळवणार होती. नकार म्हणजे सबंध वर्ष घरी बसणं, आणि या वयात वर्ष घरी बसलेल्या खेळाडूला पुढे कोण ओळखतं? तबस्सुम रडून सांगत होती की नको असं करू; पण हिचा निश्चय ढळेना.

अण्णांनी वाद घातला नाही. संध्याकाळी सगळ्या मुली जमल्या, दोघी सवयीने गळ्यात हात घालून निघाल्या, तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली आणि सांगितलं, की आज जोडी फोडायची नाही, दोघी एकीकडे. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मुली चकित झाल्या. या दोघींना तर स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि खेळल्या काय सुरेख! एकीने न बघता चेंडू सोडावा, दुसरीच्या हातात तो आपसूक यावा. कट्ट्यावरची मंडळी वाहवा करत होती. पण गुण एकाच बाजूला चढत गेले, तशी वाहवा हळूहळू विरळ झाली. समोरच्या एका मुलीला आईने दळण आणायला सांगितल्याचं आठवलं. दुसरीच्या पायात अचानक लचक भरली, आणि ती चांगली ताठ चालत घरी गेली. कट्ट्यावरचे चहाला उठले ते परतलेच नाहीत. समोर कोणी नाही म्हणून बाकीच्याही पांगल्या; मैदानावर दोघी उरल्या.

पेठेत बसणाऱ्याला हे लवकर उमगतं. शेजारचं दुकान बंद पडलं की पहिल्या दिवशी बरं वाटतं; पुढे गिऱ्हाईक त्या गल्लीत वळायचंच सोडतं.

तबस्सुम म्हणाली, “अण्णा, अजून उजेड आहे की.”

“उजेड आहे,” अण्णा म्हणाले, “खेळ कुठाय?”

मग दोघींना जवळ बसवून ते सावकाश बोलले. “पोरींनो, तुम्हाला एका बाजूला पाहावं असं मलाही फार वाटे. पण समोरच्याची आशा संपली की तो भांडत नाही, निमूट घरी जातो. शेवटच्याला आधी निवडू देतात, ती दया नव्हे. उद्या समोर कोणी उभं राहावं, याची ती तजवीज आहे. आणि हेमा, तू एवढी झालीस ती रोज ही समोर होती म्हणून.”

हेमांगीने चेंडू उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “पण अण्णा, इथं जोडी आम्ही लावत होतो. नावंही आमची. आणि दुसऱ्या दिवशी डाव नवा. तिथं चार वर्षं.”

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हे तुझं खरं आहे. रीत राहावी, पण मुदत एका वर्षाची असावी. पुढे पाय तुझे, वाट तुझी. मात्र हे त्यांना सांगायचं तर मैदानावरून सांग. घरी बसलेल्याचं गाऱ्हाणं कोण ऐकतं?”

तबस्सुमने तिला कोपराने ढोसलं. “ये गं त्या संघाकडून. तुझ्यासमोर दुसरी कोणी उभी राहिली तर मला झोप यायची नाही.”

हेमांगीने तिथूनच खाणीच्या गावच्या व्यवस्थापकांना फोन लावला. नकार द्यायचा की होकार, हे तिचं तिलाही ठरलं नसावं. तिने एवढंच विचारलं, की तुमच्याकडे संध्याकाळी मैदानावर खेळ बघायला मुली किती येतात?

पलीकडचा गृहस्थ ओशाळला. “खरं सांगू ताई? आता कोणीच येत नाही. रोज हरणाऱ्यांचं बघायला कोण येणार?”

हेमांगीने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. “येते मी,” ती म्हणाली. “आणि त्या चार वर्षांबद्दल मला बोलायचंय. तेही तिथं येऊनच बोलेन.”

समोरचा टिकला तर आपण टिकतो, हे खरंच. पण त्याला टिकवायला ज्याला धाडायचं, त्याची परतीची वाट आपण अडवू नये.