दशीचे वस्त्र

पूर्वी कृतयुगात, पयोष्णीच्या तीरावर, जिथे मुनींच्या अग्निहोत्राचा धूम आकाशाला भिडत असे, तिथे देवांची वस्त्रे विणणारी तंतुमती नावाची ऋषिपत्नी राहत होती. पती अकाली निवर्तला होता. उरली होती पाच वर्षांची एकुलती एक लेक, दशी. पोर ज्वराने फणफणली आणि साक्षात दण्डधारी काळ पर्णकुटीच्या दारात उभा राहिला.

तंतुमती मागावर होती. हात न थांबवता ती म्हणाली, "हे धर्मराजा, हातचे वस्त्र अर्धे टाकून उठू नये, हा आमचा कुलधर्म आहे. हे पुरे होईतो थांब."

"तथास्तु," धर्मबद्ध काळ म्हणाला. "वस्त्र पुरे होईल त्या क्षणी मी येईन."

तंतुमतीने उभ्या धाग्यांचा शेवटचा चार बोटे ताणा तसाच उघडा ठेवला आणि पुन्हा त्या मागाला हात लावला नाही. दशी बरी झाली, सात वर्षे अंगणात बागडली, आईकडून विणायलाही शिकली. काळाने दिलेल्या वराची गोष्ट मात्र तिला कोणी सांगितली नाही. सांगायला हवी होती हो! पण कोणत्या आईची जीभ रेटली असती?

आश्रमातल्या बायका मात्र कुजबुजत, की तंतुमतीचे हात गेले, चार बोटे विणवत नाहीत तिला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ते बोलणे पोरीच्या जिव्हारी लागले. एके दुपारी आई पाण्याला गेली असता तिने धोटा उचलला आणि ती चार बोटे विणून काढली, इतकी सुबक की आईनेही तशी विणली नसती.

तंतुमती घागर घेऊन परतली. दशी हसून म्हणाली, "आई, तुझं वस्त्र मी पुरं केलं." आणि तिने मागावर मान टेकली.

दारात काळ उभा होता. तंतुमतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती आडवे धागे एकेक करून उसवू लागली; चारही बोटे उसवली, ताणा पुन्हा मोकळा झाला, पण पोरीचा श्वास परतला नाही.

"माते," काळ म्हणाला, "धागा उसवतो, क्षण उसवत नाही. ही सोडून काहीही माग."

"मग कोणतेही वस्त्र यापुढे शेवटपर्यंत विणले जाऊ नये. चार बोटे मोकळी राहोत, आणि त्या धाग्यांना माझ्या लेकीचे नाव राहो."

काळाने मान लववली. तेव्हापासून विणकर वस्त्राच्या टोकाला मोकळ्या धाग्यांच्या दशा सोडतात. लोक हौसेने त्यांना गाठी मारतात, मोती ओवतात. त्या पहिल्या दशांचे वस्त्र तंतुमतीने लेकीच्या अंगावर पांघरले, आणि ती पुन्हा कधी मागावर बसली नाही.