पाहुण्याचा कौल

“...पण मग नाणं उडवायचंच कशाला, सर? पाहुण्या कप्तानाला सरळ विचारावं, बॅटिंग घेतोस की बोलिंग? यात वाईट काय आहे?”

मगदूम सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

वेलिंग्टनच्या एका उपनगरात, लेकीच्या घरामागच्या अंगणात ते बसले होते. अंगात स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. तरी वारा असा सुटला होता की दोरीवरचे कपडे पार आडवे झाले होते.

समोरच्या खुर्चीत संग्राम घोरपडे बसला होता. भारताच्या कसोटी संघाचा कप्तान. जयसिंगपूरच्या शाळेच्या मैदानात, तांबड्या मातीवर काथ्याची चटई अंथरून, मगदूम सरांनीच त्याला बॅट धरायला शिकवलं होतं. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी, काकू, वारल्या, आणि सर इकडं लेकीकडे आले. तेव्हापासून गुरुशिष्यांची गाठ पडली नव्हती. आज पडली, तीही अशा वेळी.

न्यूझीलंडमधले पहिले दोन्ही सामने संग्राम हरून आला होता. दोन्ही वेळा नाणं त्याच्या विरुद्ध पडलं होतं. दोन्ही वेळा हिरव्यागार खेळपट्टीवर, ढगाळ सकाळी, त्याच्या फलंदाजांना आधी उतरावं लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धा संघ तंबूत. दुपारी ऊन पडलं, खेळपट्टी वाळली, आणि त्याच जागी समोरच्यांनी आरामात धावा काढल्या.

मालिका गेली होती. तिसरा सामना परवा इथंच सुरू व्हायचा होता. मायदेशी वर्तमानपत्रांतून त्याच्या नावाची चिरफाड चालली होती.

“सर, तुम्ही बघितलंत ना दोन्ही सामने?”

“बघितले की.” सर म्हणाले. “जयसिंगपूरला असताना इकडच्या सामन्यांसाठी पहाटे उठून बसायचो. आता दिवसाउजेडी दिसतात... आपलं बघायचं.”

“मग सांगा तुम्हीच. नाणं माझ्या बाजूनं पडलं असतं तर?”

सरांनी शाल सारखी केली.

“घरी टॉस हरलायस कधी?”

“कितीतरी वेळा.”

“आणि मॅच?”

“घरी मी एकही मालिका हरलेलो नाही, सर.” हे सांगताना त्याची मान आपसूक ताठ झाली.

“म्हणजे नाणं तिथंही विरुद्ध पडतं.”

“पडतं.”

“पण तिथं त्याचं काही चालत नाही.”

संग्राम जरा अडखळला. “तिथं खेळपट्टी आपली असते, सर. इथं त्यांची. हवा त्यांची, वारा त्यांचा. म्हणून तर म्हणतो, निदान निवड तरी पाहुण्याला द्या. तेवढंच माप समान होईल. पुढच्या महिन्यात सगळ्या देशांच्या कप्तानांची बैठक आहे. हाच विषय आहे. माझं मत मागितलंय त्यांनी. मी ठणकावून सांगणार आहे.”

“हं...”

“तुम्हाला पटत नाही?”

सरांनी कुंपणापलीकडच्या टेकडीकडे पाहिलं. मग विचारलं,

“घरी खेळताना तुला काय काय ठाऊक असतं रे?”

संग्रामनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. चेंडू केव्हा वळायला लागेल, कुठल्या टोकाकडून माती आधी उखडेल, दव केव्हा पडेल... बोलता बोलता तो थांबला. डोळ्यांपुढं कुठलंसं आपलं मैदान आलं असावं. आवाज एकदम खाली आला.

“खरं सांगू, सर? ठाऊक काही असावं लागत नाही. पाय आपला जिथं पडायचा तिथं पडतो.”

सरांनी मान हलवली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

“चल आत. चहा टाकतो.”

स्वयंपाकघर लख्ख होतं. पांढरी कपाटं, एकाला जोडून एक, सगळी सारखी. सरांनी एक दार उघडलं. आत ताटल्या होत्या. त्यांनी ते हळूच लावलं. शेजारचं उघडलं. त्यात डबे होते, पण साखर नव्हती. तिसऱ्याच्या मुठीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

मग ते शेगडीकडे वळले. काचेची सपाट शेगडी. त्यांनी एका खुणेवर बोट टेकवलं. शेगडी दोनदा टुकटुकली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच.

संग्रामला जयसिंगपूरचं त्यांचं स्वयंपाकघर आठवलं. लाइट गेलेली असायची, बाहेर पोरं भिजून कुडकुडत बसलेली असायची, आणि सर आतल्या काळोखात नुसत्या हातांनी आलं ठेचून सगळ्यांचा चहा करून आणायचे. कधी भांडं पडल्याचा आवाज आला नव्हता.

तो पुढं झाला. सरांनी हातानंच त्याला थांबवलं.

तेवढ्यात पद्मजा आत आली. सरांची एकुलती एक लेक. कामावरून नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

“अगं बाई, अण्णा, तुम्ही कशाला? मी करते की. चहा करू की कॉफी? संग्राम, तू बस रे. अण्णा, आलं घालू ना? साखर आज चालेल तुम्हाला? आत बसता की बाहेर आणून देऊ?”

“काहीही चालेल, पोरी.”

“असं नाही. तुम्हाला काय हवं ते सांगा.”

सरांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर फक्त माया होती.

“आत बसतो,” ते म्हणाले.

तिनं कुठलंसं कपाट न बघताच उघडलं आणि साखर काढली. चहा झाला. तिनं कप हातात दिले, वडिलांच्या अंगावरची शाल नीट केली आणि वाऱ्यानं उडायला लागलेले कपडे काढायला बाहेर गेली.

दोघं चहा पीत बसले.

“फार गुणाची आहे पद्मा,” सर म्हणाले. “जावई तर देवमाणूस. मी जैन रीत पाळतो म्हणून घरात कांदा-बटाटा आणायचा बंद केलाय दोघांनी. दिवस मावळायच्या आत माझं ताट तयार असतं. मला विचारल्याशिवाय या घरात काही होत नाही. भाजी कुठली करू, टीव्हीवर काय लावू, खिडकी उघडी ठेवू की बंद...”

“मग चांगलंच आहे की, सर.”

“चांगलंच आहे.”

कपातली साय त्यांनी चमच्यानं बाजूला केली.

“तुझ्या काकूनं मला उभ्या संसारात कधी काही विचारलं नाही... ताट वाढून हाक मारायची.”

संग्राम कपाकडं बघत राहिला. काकू गेल्याचं त्याला कळलं तेव्हा तो चेन्नईत सामना खेळत होता. फोन केला होता, पण सर नुसतं ‘हं, हं’ म्हणाले होते. आज ते समोर होते.

“सर...” तो म्हणाला. “तुम्ही इथले नाही. तुम्हाला इथं आणायलाच नको होतं. चला माझ्याबरोबर. दौरा संपला की एकत्रच जाऊ. कोल्हापूरला माझा एवढा मोठा बंगला आहे. वरची खोली घ्या, खालची घ्या, बागेकडची घ्या. तुम्ही म्हणाल ती तुमची.”

सरांच्या तोंडावर अगदी बारीक हसू आलं.

“मी म्हणेन ती...”

“हो. तुम्ही नुसतं बोट दाखवा.”

 ते हसू हळूहळू मावळलं. त्यांनी दोघांचे रिकामे कप उचलले, मोरीपाशी नेले, आणि नळाचा दांडा कुठल्या बाजूला फिरवल्यावर गरम पाणी येतं ते चाचपत राहिले.

“जयसिंगपूरचं घर विकलं रे,” पाठमोरेच ते म्हणाले. “तिथं आता दाताचा दवाखाना आहे म्हणे.”

निघताना संग्रामनं वाकून नमस्कार केला. दारात पुन्हा थांबला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नव्हतं, आणि उत्तर न घेता परतायची त्याला सवय नव्हती.

“बैठकीत मी काय सांगू, सर?”

“तुला विचारलंय ना?”

“हो.”

“मग सांग की.”

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी मैदानावर तोच वारा होता. खेळपट्टीवर इतकं गवत की लांबून ती ओळखू येऊ नये. न्यूझीलंडच्या कप्तानानं नाणं वर उडवलं, संग्रामनं छापा मागितला, आणि छापा पडला.

दौऱ्यात पहिल्यांदाच निवड त्याच्या हातात आली होती. त्यानं गोलंदाजी घेतली. दुसऱ्या कुणीही तेच घेतलं असतं. खेळाडूंनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. ज्या सकाळची आपण वाट बघत होतो ती हीच, असं सगळ्यांना वाटलं.

सर गवताच्या उतारावर येऊन बसले होते. पद्मजानं कामावर रजा टाकून त्यांना आणलं होतं.

संग्रामचे वेगवान गोलंदाज जीव तोडून धावले. पण वाऱ्याविरुद्ध टाकणाऱ्याचा पाय रेषेपाशी चुकायचा आणि वाऱ्याबरोबर टाकणाऱ्याचा चेंडू हातभर बाहेर जायचा. गवतावर पडलेला चेंडू सुंदर हलत होता, पण इतका की बॅटच्या वाटेला जातच नव्हता. समोरचे दोन सलामीवीर तो नुसता सोडून देत होते. बघायचेही नाहीत फारसं. लहानपणापासून याच वाऱ्यात, असेच चेंडू सोडत ते मोठे झाले होते.

जेवणाच्या सुट्टीला त्यांचा एकही गडी बाद झालेला नव्हता.

दुपारी ऊन पडलं.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशीही फलंदाजी केली. मग भारताची फळी एकदा कोसळली, फॉलोऑन मिळाला, पुन्हा कोसळली. दुसऱ्या डावात संग्राम एकटा बराच वेळ उभा राहिला. अंगावर चेंडू घेतले, बोटं सुजली, पण हटला नाही. शेवटी तोही गेला. चौथ्या दिवशी चहाच्या आधीच सगळं आटोपलं.

पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारलं, टॉस बंद करून निवड पाहुण्या संघाला द्यावी असं तुम्ही उघड बोलत आला आहात. अजूनही तेच मत आहे का?

संग्रामनं माईकपुढं तोंड नेलं. सगळे थांबले.

“मी... नंतर सांगेन,” तो म्हणाला आणि उठला.

तो बाहेर आला तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. माळी खेळपट्टीवर ताडपत्री ओढत होते. उतारावर एकटे सर बसले होते. पद्मजा गाडी आणायला गेली होती.

संग्राम त्यांच्या शेजारी गवतावर बसला. सुजलेली बोटं त्यानं दुसऱ्या हातात धरली होती. सरांनी ती पाहिली, पण विचारलं नाही. आपली शाल काढली आणि तो नको म्हणायच्या आत त्याच्या खांद्यावर टाकली.

 वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक उचललं, माळ्यानं पळत जाऊन त्यावर पाय दिला.

“सर,” संग्राम म्हणाला.  “टॉस तर मी जिंकलो होतो.”

सरांनी त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

“मीपण जिंकलो होतो की. तुझी काकू गेली तसं पद्मानं फोनवर विचारलं, ‘अण्णा, तिकडं राहता की इकडं येता? तुम्ही म्हणाल तसं.’ ...मी म्हटलं, येतो.”