दुसऱ्याचा वेग मोजणारी पेटी

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध प्राध्यापक विजेची आणि यंत्रणांची विद्या शिकवीत. शेवटच्या वर्षाला त्यांचा ‘विशेष विषय’ असे. त्याला ठरलेले पुस्तक नाही, मागच्या वर्षांचे पेपर नाहीत. प्रत्येकाने आपला प्रश्न स्वतः शोधायचा आणि सहा महिने त्याच्या मागे लागायचे. पुढच्या वर्षी तो विषय निघेलच, याचीही खात्री नसे.

एका शिष्याने तीन वेळा प्रश्न बदलला. कारण एकच, वर्गातला सौमित्र. सौमित्रने ड्रोन घेतला, याने ड्रोन घेतला. त्याने बॅटरी धरली, याने बॅटरी धरली. त्याने मोटर घेतली, याने मोटर घेतली. सौमित्र प्रयोगशाळेतून किती वाजता निघाला, हे तो पहारेकऱ्यालासुद्धा विचारी. हसू नये, समोरच्यांकडे कुरियर आले की आपणही दार किलकिले करतोच.

अखेर विषय सोडण्याचा अर्ज घेऊन तो प्राध्यापकांपुढे उभा राहिला. त्या दिवशी अर्जाची मुदत संपत होती.

“सर, सही हवी होती.”

“का रे?”

“सौमित्र असताना माझं काय काम? तुम्ही त्याच्या टेबलापाशी पाऊण तास असता. माझ्याकडे चहा संपेपर्यंत.”

“घड्याळ लावून बसतोस वाटतं.”

प्राध्यापक उठले. टेबलावर दोन मोटरी होत्या, एक सौमित्रची, एक शिष्याची. प्रत्येकीला एक पेटी. मोटरीचा वेग मोजायचा, कमी पडला तर वीज वाढवायची, जास्त झाला तर तोडायची, एवढेच पेटीचे काम. प्राध्यापकांनी शिष्याच्या पेटीतली वेग सांगणारी तार काढली आणि तिथे सौमित्रच्या मोटरीची तार जोडली. मग त्यांनी सौमित्रची मोटर हळू केली. शिष्याची मोटर किंचाळत सुटली. सौमित्रची जोरात केली, तशी शिष्याची मंदावत गेली आणि थांबली.

“मोटर बिघडली का रे?”

“नाही, सर. मोटर चांगली आहे.” शिष्याचे कान लाल झाले. “पेटी दुसऱ्याच्या मोटरीचा वेग मोजतेय.”

“तो मागे पडला की तू उधळतोस, तो पुढे गेला की बंद पडतोस. तुझी स्वतःची गती किती, हे तुझ्या पेटीला सहा आठवड्यांत एकदाही कळलेलं नाही. सौमित्र हुशार आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याला मोजून तू कसा चालशील?” त्यांनी पेनाचे टोपण काढले. “आण, सही करतो.”

शिष्याने अर्ज पुढे केला नाही.

“सर, इचलकरंजीला विजेचा दाब कमी झाला की मामाच्या यंत्रमागावर धागा तुटतो. दिवसातून वीस वेळा. त्याच्यावर काम करता येईल?”

“हा प्रश्न कधीपासून आहे तुझ्याकडे?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“सौमित्रच्या विषयापुढे साधा वाटला.”

प्राध्यापकांनी पेन खिशाला लावले आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. “धागा तुटण्याआधी मागाचा आवाज बदलतो का?”

“बदलतो, सर,” शिष्य म्हणाला आणि खाली बसला.