न मागितलेले अंजन

शके बाराशे सत्तर. हिवाळा होता. मार्गशीर्ष लागला होता आणि माळावरची ज्वारी कमरेला आली होती. त्या काळी एका डोंगराच्या अंगाखांद्यावर तीन राज्ये नांदत होती. माथ्यावर उंबरगड, मधल्या घाटात कातळपेठ आणि खाली समुद्राकाठी खारबंदर. उंबरगडावर राजा होता, खारबंदरात राजा होता आणि कातळपेठेत राणी होती.

उत्तरेला एक मोठा राजा बसला होता. एकेकटे गाठून तिघांनाही त्याने केव्हाच गिळले असते. म्हणून तिघांनी तह केला. तो तह कागदावर केला नाही, विड्यावर केला.

रीत अशी ठरली. आपल्या घरचा विडा आपल्या माणसाने लावायचा नाही, मित्राच्या माणसाने लावायचा. उंबरगडचा तांबोळी खारबंदरात, खारबंदरचा कातळपेठेत आणि कातळपेठेचा उंबरगडावर. दुसऱ्याच्या माणसाच्या हातचे पान राजाने न बघता तोंडात टाकायचे. त्यात विष नाही हा भरवसा, तोच तह. तांबोळी दिवसभर राजाच्या मागे उभा असे. त्याच्यादेखत राजे मोकळे बोलत. चुन्याच्या डबीसमोर कोणी गप्प बसते का?

उंबरगडचा राजा तिघांत बलाढ्य होता. घोडी त्याची जास्त, गड त्याचा उंच. पण त्याच्या मनाला एक किडा लागला होता.

कातळपेठेची राणी खारबंदरच्या राजाला ‘दादा’ म्हणे. उंबरगडच्या राजाला ‘राजे’ म्हणे.

एवढेच. पण उंबरगडच्या राजाला ते जेवताना आठवे, घोड्यावर बसताना आठवे. मार्गशीर्षातल्या जत्रेत तिघे भेटले तेव्हा तर फारच झाले. ती दोघे कशावरून तरी हसत होती. हा जवळ गेला आणि हसणे थांबले.

“काय झालं?” याने विचारले.

“काही नाही, राजे. घरगुती गोष्ट,” राणी म्हणाली.

घरगुती! म्हणजे ती दोघे एका घरची आणि आपण बाहेरचे. तशात राणीने त्याच्याकडे पाठवलेला तांबोळी होता म्हातारा आणि कानाने बहिरा. चुना मागितला की कात देई. राजाला वाटे, दादाकडे हिने असा माणूस धाडला असता का?

खारबंदरात उभा राहणारा उंबरगडचा तांबोळी म्हणजे इरबा. पानमळा उंबरगडावर होता आणि पाने चार दिवसांत पिवळी पडतात. म्हणून इरबाला ताज्या पानांसाठी सारखी घाटाची चढउतार करावी लागे. जत्रेनंतर तो पाने न्यायला आला तेव्हा राजाने त्याला आत बोलावले आणि दार लोटून घेतले.

“खारबंदरात काय बोलणं होतं?”

“पानाचं, सुपारीचं,” इरबा म्हणाला.

“तुझं नाही विचारत. राजाचं बोल. राणी आली होती का?”

“आल्या होत्या.”

“माझं नाव निघालं?”

इरबाने जमिनीकडे पाहिले. “महाराज, मी तिथं विड्यासाठी उभा असतो.”

“कान घरी ठेवून जातोस का? माझं मीठ खातोस. ऐकत जा आणि येऊन सांगत जा.”

इरबा ऐकू लागला आणि येऊन सांगू लागला. खारबंदरच्या राजाला सुरमई आवडते आणि काट्याचा कंटाळा येतो. राणीच्या भावाला मुलगी झाली. होडीला नवे शीड घेतले. दर खेपेला उंबरगडचा राजा सगळे ऐकून घेई आणि शेवटी विचारी, “माझं नाव निघालं?”

“नाही, महाराज.”

आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर राजा रागावला असता आणि दुसऱ्या दिवशी विसरला असता. पण आपला विषयच निघत नाही, हे त्याला सहन होईना. कारभाऱ्याला त्याने ही गोष्ट वेगळी करून सांगितली. म्हणाला, “शत्रू कुठून शिरेल सांगता येत नाही. मित्रांच्या घरावरही नजर हवी.”

कारभारी बेरकी होता. तो म्हणाला, “सगळेच राजे ऐकतात, महाराज. नाव फक्त सापडेल त्याचं होतं.”

पौष सरला. एकदा इरबा आला तो पडल्या चेहऱ्याचा. राजाने दोनदा विचारले तेव्हा तो बोलला.

“राणीसाहेब गच्चीवर बसल्या होत्या. राजे त्यांना म्हणाले, दिवस मावळला की मला दिसत नाही. दिवा जवळ धरला तर ज्योत दिसते, माणूस दिसत नाही. राणीसाहेबांच्या वडिलांना तोच आजार होता, म्हणून फक्त त्यांना विचारलं. राजांच्या घरात त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही.”

“मला का नाही सांगितलं?” राजा म्हणाला.

शत्रूला कळले तर तो अंधार पडायची वाट बघेल, एवढे इरबालाही कळत होते.

राजा येरझाऱ्या घालू लागला. राणीने काय औषध दिले असेल? घाटातला पालापाचोळा. आपल्या गडावरचा वैद्य रातांधळेपणावर अंजन करतो, तसे मुलखात कोणी करत नाही. आपण अंजन पाठवायचे. मग दादाला कळेल, खरा जिव्हाळ्याचा माणूस कोण.

“महाराज, हे पाठवू नका,” इरबा म्हणाला.

“का?”

“त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

“सांगायला हवं होतं,” राजा म्हणाला. तिथेच विषय संपला.

अंजन गुपचूप गेले असते तरी एक वेळ निभावले असते. पण गुपचूप दिलेली माया कोणाला दिसणार? राजाने वैद्याला पालखी दिली, पुढे सनई दिली, अंजनाला चांदीची डबी दिली. भर दरबारात, कोळ्यांचे नाईक आणि परमुलखातले व्यापारी बसलेले असताना, वैद्य खारबंदरच्या राजापुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, “आमच्या महाराजांनी प्रेमाने अंजन धाडलं आहे. रोज डोळ्यांत घालावं, शेवग्याचा पाला खावा. रात्रीचं पुन्हा दिसू लागेल.”

राजाच्या मुलाने बापाकडे पाहिले.

खारबंदरच्या राजाने डबी हातात घेतली. झाकण उघडले नाही. मान वळवून त्याने मागे उभ्या इरबाकडे बघितले. इरबाच्या हातातले पान खाली पडले.

“उचल ते,” राजा शांतपणे म्हणाला. “आणि घरी जा.”

व्यापाऱ्यांच्या तोंडून ती बातमी उत्तरेला पोचली. पंधरा दिवसांच्या आत उत्तरेच्या राजाचे लोक तिन्हीसांजेला होड्या घेऊन खाडीत शिरले. राजा धक्क्यावर उभा राहून हुकूम देत होता, पण आपले कोण आणि परके कोण हे त्याला दिसत नव्हते. त्याचा मुलगा त्याचे डोळे होऊन लढला आणि डाव्या हाताला कायमचा अधू झाला. राणीची माणसे घाट उतरून आली म्हणून बंदर वाचले. धक्का मात्र जळाला.

उंबरगडाला कोणी मदतीला बोलावलेच नाही.

दुसऱ्या दिवशी राणीने आपला बहिरा तांबोळी परत नेला. खारबंदरातून मीठ यायचे बंद झाले. घाटाच्या तोंडाशी राणीचे पहारे बसले. उंबरगडावर महिन्याभरात जेवण अळणी झाले. गुरे भिंती चाटू लागली. पानमळ्यात पाने वेलावरच पिवळी पडू लागली, कारण न्यायला कोणी येईना. बाया पाणवठ्यावर म्हणू लागल्या, “दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला गेला आणि आमच्या आमटीतलं मीठ घालवून आला.”

राजाने कारभाऱ्याला खाली पाठवले. कारभारी घोळून घोळून बोलला. “आमच्या महाराजांनी ऐकलं ते तिघांच्या भल्यासाठी. शत्रूचा सुगावा लागावा म्हणून.”

“तुमचा राजा शत्रूला आमच्या गच्चीवर शोधत होता का?” खारबंदरच्या राजाने विचारले.

“असं सगळीकडेच चालतं, राजे.”

“मग सगळीकडूनच मीठ आणा.”

कारभारी परत आला. त्याच्या पाठोपाठ उत्तरेचा वकील गडावर आला. त्याने भेटीची शाल पुढे केली आणि हसत म्हणाला, “ऐकतो की महाराज आता एकटेच आहेत.”

तो गेल्यावर राजा बुरुजावर जाऊन बसला. खाली घाट दिसत होता, त्यापलीकडे समुद्राची रेघ. ही दोन राज्ये नसतील तर आपला उंच गड म्हणजे उंचावर ठेवलेली शिकार आहे, हे त्याला पहिल्यांदा कळले. त्याने पालखी सांगितली नाही. घोडा घेतला, इरबाला बरोबर घेतले आणि घाट उतरला. पहारेकऱ्यांनी तलवार मागितली, ती दिली.

खारबंदरच्या दरबारात भर दुपारी दोघे बसले होते, राजा आणि राणी. शेजारी राजाचा मुलगा, हात झोळीत. उंबरगडच्या राजाला कोणी बस म्हटले नाही.

“तुमच्याकडे मी बहिरा तांबोळी पाठवला होता,” राणी म्हणाली. “तुम्हाला वाटलं असेल, टाकाऊ माणूस दिला.”

“वाटलं होतं.”

“मुद्दाम दिला होता. तुम्ही आपल्या घरात मोकळं बोलावं म्हणून.”

राजाची मान खाली गेली. तो म्हणाला, “मी तुमचं देणं लागतो. काय देऊ ते सांगा. हत्ती देतो, दोन गावं देतो.”

“हत्ती नको,” खारबंदरचा राजा म्हणाला. “तू माझं एक गुपित नेलंस. तुझं एक इथं ठेव. त्याच तोलाचं.”

उंबरगडच्या राजाने बराच विचार केला. मग म्हणाला, “गडाच्या पश्चिमेला कड्यात एक चोरदरवाजा आहे. माझ्या वडिलांनी मला सांगितला. दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.”

“ते दगडाचं गुपित झालं. उद्या तू दरवाजा चिणशील. माझे डोळे मला चिणता येत नाहीत. अंगातलं दे.”

उंबरगडच्या राजाच्या कपाळाला घाम आला. लढाईत त्याला कधी असा घाम आला नव्हता. दरबारात कोळ्यांचे नाईक तेच होते, व्यापारी तेच होते. सगळे बघत होते. त्याने एकदा दाराकडे पाहिले. परत फिरला असता तर कोणी अडवले नसते.

“शत्रूचं निमित्त होतं,” तो म्हणाला. “शत्रूचं मी इरबाला एकदाही विचारलं नाही. तो आला की मी एकच विचारत होतो, माझं नाव निघालं का. तुम्ही दोघं बोलत बसता आणि मी तुमच्यात नसतो, हे मला बघवत नव्हतं. अंजनही तुमच्या डोळ्यांसाठी नाही पाठवलं. राणीसाहेबांच्या औषधाच्या वर माझं औषध असावं म्हणून पाठवलं. एवढा मोठा गड माझा, आणि मी जळत होतो. लहान पोरासारखा.”

“खरं आहे का रे?” राणीने इरबाला विचारले.

“दर खेपेला विचारायचे,” इरबा म्हणाला. “आणि नाही म्हटलं की जेवायचे नाहीत.”

मागे बसलेल्या कोळ्यांत कोणी तरी फिस्सकन हसले. राजाने ते ऐकले आणि ऐकून घेतले.

खारबंदरच्या राजाने इरबाने गडावरून आणलेल्या ताज्या पानांचे तबक पुढे ओढले. पान त्याने स्वतः निवडले, चुना स्वतः लावला, विडा स्वतः दुमडला आणि खाल्ला. राणीनेही आपला विडा आपणच केला. मग तबक उंबरगडच्या राजाकडे सरकवले. त्यानेही आपल्या हाताने पान लावले. त्या तीन राज्यांत तेव्हापासून जो तो आपला विडा आपणच करून खातो.

“फिटलं,” खारबंदरचा राजा म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मिठाचे बैल घाट चढू लागले.

यातून घ्यायचे ते एवढे: मित्राच्या मनातले जाणून घ्यायचे असेल तर त्यालाच विचारावे. त्याने नाही सांगितले तर गप्प बसावे.