तळ नसलेलं कोठार

एका राज्यात एक कोठार होतं, आणि त्या कोठाराला तळ नव्हता.

राज्य तसं पिकतं. काळी जमीन, नदीचं पाणी, माणसं कष्टाची. तरी दिवेलागणीला चुली पेटत त्या निम्म्याच. खळ्यावर जे पडे ते सगळं कोठारात जाई. राजा नुसता गादीवर बसे. राज्य चालवी त्याचा कोठीदार. हा कोठीदार मोठा मांत्रिक. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. पाठीमागे लोक त्याला काळकोठ्या म्हणत.

वीस वर्षांमागे दुष्काळ पडला होता. तेव्हा काळकोठ्यानं हे कोठार बांधलं, गावोगावची जाणती माणसं बोलावली, आणि पुन्हा उपाशी मरायचं नसेल तर हे भरून ठेवा म्हणाला. जाणत्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं ते. त्यांनी हातात जोंधळा धरून शपथ वाहिली, की हे कोठार भरेपर्यंत आमचा दाणा दुसऱ्या दारी जाणार नाही. धान्य हातात धरून वाहिलेली शपथ मोडली तर धान्यच सूड घेतं, हे त्यांना ठाऊक होतं. आत तळ नाही, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून पोत्यावर पोती आत ओतली जात. ओतताना सळसळ होई, पण खाली पडल्याचा आवाज म्हणून कधी येत नसे. पोत्यामागे सूपभर कोंडा हातावर ठेवून काळकोठ्या म्हणे, भरलं की सगळ्यांना मिळेल. ते भरत नव्हतं.

नदीपलीकडे दुसऱ्याचं राज्य होतं. तिथं आठवड्याचा बाजार भरे, मीठ मिळे, विळे-कोयते मिळत, आणि ज्याचा माल त्यानं भाव सांगावा अशी तिथली रीत. न राहवून कोणी कोणी धान्य डोक्यावर घेऊन निघे. शिवेवर पाऊल पडलं, की पोत्यातल्या दाण्यांचे खडे होत. खड्यांचा जडपणा मानेतून पाठीत, पाठीतून पायांत उतरे, आणि माणसाचा दगड होई. नदीच्या अलीकडे अशा दगडांची रांग लागली होती. बहुतेकांच्या डोक्यावर ओझं, तोंडं बाजाराकडे. पावसानं नाक-डोळे धुऊन गेलेले, त्यामुळं कोण कुणाचा ते आईलाही सांगता आलं नसतं.

त्या रांगेत भिवराचा नवरा होता, नावजी. अकरा वर्षं झाली होती. घरातलं मीठ संपलं होतं आणि भिवरा त्याला अळणी कालवणावरून बोलली होती. तो पोतं उचलून निघाला तो रागाच्या भरात, डोक्यावरची चुंबळ दारातच विसरून. ती जुन्या लुगड्याची चुंबळ भिवरानं खुंटीला अडकवली ती अडकवलीच. त्यानंतर तिनं जेवणात मीठ घातलं नाही.

दर सुगीला ती शिवेवर जाई, दगडांसमोर बसे आणि परत येई. अकराव्या सुगीला तिथं एक टिटवी बसली होती, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी अंडी पोटाखाली घेऊन.

टिटवी म्हणाली, "दरसाल येतेस, बये. रडायला येतेस की विचारायला?"

"विचारू कोणाला? दगडाला?"

"मला विचार. माझी अंडी खड्यांत खडे दिसतात. कुठला खडा आणि कुठला जीव, हे मला नाही कळलं तर माझा वंश बुडेल. तुझा माणूस जिवंत आहे. सगळेच आहेत. पण फार दिवस राहणार नाहीत; आतली ऊब दरसाल कमी होतेय."

मग टिटवीनं तिला सगळं सांगितलं. शपथ जशी शेतकऱ्यांना बांधते तशी कोठीदारालाही बांधते. वाड्याच्या दारात उभं राहून जो तीनदा आपल्या धान्याचा हक्क मागेल, त्याला तीन कामं सांगावीच लागतात. तिन्ही केली तर शपथ सुटली. एक जरी चुकलं तर मागणारा दगड.

"आजवर कोणी मागितलं?" भिवरानं विचारलं.

"रांगेतले शेवटचे चार दगड बाजारात जायला निघालेले नव्हते," टिटवी म्हणाली.

भिवरा घरी गेली. बियाण्याची मूठभर ज्वारी पदराच्या गाठीत बांधली. घरात तेवढंच धान्य उरलं होतं. चुंबळ काखोटीला मारली आणि वाड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझं धान्य मी नेईन तिथं जाऊ दे," ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली.

राजा गवाक्षात आला. अंगानं वाळलेला, गालांची हाडं वर आलेली. तोही त्याच कोठारातलं खात होता, आणि त्या अन्नानं पोट भरत नसे. बोलला तो काळकोठ्या.

"तिन्ही करशील, बाई? बरं. या चौकात बाजरीची रास आहे, कोंड्यासकट. तीन दिवसांत दाणा वेगळा कर."

एवढं बोलून त्यानं वारा धरला आणि आपल्या पागोट्याच्या शेवात गाठ मारून टाकला. चौकात पान हलेना. धुरानं वर जायचं सोडलं, तो जागीच बसून राहिला. काळकोठ्यानं धान्य साफ होताना पाहिलं होतं ते वाड्याच्या गच्चीवरून. लांब खळ्यावर माणसं उंच उभी राहून पाटीतून धान्य सोडतात आणि वारा कोंडा नेतो, एवढंच त्याला माहीत.

भिवरानं सूप मागितलं. सुपाला नाही कसं म्हणणार? ती मांडी घालून बसली आणि पाखडू लागली. सुपामागून सूप, तीन दिवस. मनगटं सुजून पोटऱ्यांएवढी झाली. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत एकीकडे दाणा, एकीकडे कोंडा.

"वारा कुठून आणलास?" काळकोठ्यानं विचारलं.

"आम्हाला रोजच्या भाकरीपुरता वारा लागत नाही, कोठीदार," ती म्हणाली. चौकातले पहारेकरी दुसरीकडे बघत हसले.

काळकोठ्या हसला नाही. तिच्या काखेतल्या चुंबळीकडं त्यानं पाहिलं, आणि दुसरं काम सांगितलं. शिवेवरच्या दगडांतला तिचा नवरा कोणता ते तिनं ओळखावं. एकदाच हात लावावा. बरोबर असला तर तो दगड वाड्यात आणवला जाईल.

भिवराला वाटलं, आणवला जाईल म्हणजे सोडवला जाईल. आशेनं माणूस नीट ऐकत नाही.

रांग केवढी लांब. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली, पुन्हा आली. टिटवी पुढं पुढं तुरतुरत होती. तिनं एवढंच सांगितलं, की चेहरे बघू नकोस, पाऊस चेहरे नेतो, ओझं बघ. मग भिवराला दिसलं. ज्यांच्या डोक्यावर ओझं होतं, त्या सगळ्यांच्या ओझ्याखाली दगडाची गोल चुंबळ होती. एकाच्या डोक्यावर नव्हती. त्याचा उजवा हात पोत्याखाली दडपला होता, टोचू नये म्हणून पंजा डोक्यावर पालथा धरलेला.

तिनं त्याला हात लावला. बरगडीपाशी दगड किंचित कोमट होता.

काळकोठ्यानं बैल लावून तो दगड आणवला, कोठाराच्या तोंडाशी उभा केला, आणि राजासमोर, सगळ्या जमलेल्या रयतेसमोर, आत लोटून दिला.

आवाज आला नाही.

"आणवला की नाही?" काळकोठ्या म्हणाला. "जिथं दाणा गेला तिथं दाण्याचा धनी गेला. आता तिसरं काम. सूर्य मावळायच्या आत हे कोठार भर."

बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. भिवरा कोठाराच्या काठावर बसली. आत काळोख होता, आणि त्या काळोखाला वासही नव्हता, धान्याचा नाही, धुळीचा नाही. सूर्य हातभर खाली आला तरी ती बसून होती. भरायचं काही तिच्या मनातच राहिलं नव्हतं. तिच्या मनात एवढंच होतं, की अकरा वर्षांमागे तो भांडून गेला तो उपाशीच गेला होता, आणि आता त्या काळोखात आहे.

तिनं पदराची गाठ सोडली.

त्या मुलखात एक रीत आहे. घरात नवी कणगी आणली, की धान्य भरण्याआधी घरची बाई पहिली मूठ तिच्या तळाशी टाकते, घरच्या माणसाचं नाव घेऊन. ती मूठ कोणी मागायची नसते, मोजायची नसते, आणि परत काढायची नसते. ती पडल्याशिवाय कणगी ही कणगी होत नाही, नुसत्या विणलेल्या काठ्या असतात. भिवराच्या हाताला हे आईच्या मागं उभं राहून लहानपणापासून ठाऊक.

"एवढ्यानं भरशील?" काळकोठ्या म्हणाला.

"भरत नाही," भिवरा म्हणाली. "माझं माणूस खाली आहे. त्याच्या नावाची मूठ टाकते."

गर्दीत एक म्हातारा मटकन खाली बसला. वीस वर्षांमागे शपथ वाहणाऱ्यांतला तो एकटा उरला होता. त्याला आठवलं, कोठार उघडलं त्या दिवशी पहिली मूठ कोणीच टाकली नव्हती. राजाचं कोठार, राजानं टाकावी, असं जो तो मनात म्हणाला होता. राजाला रीत ठाऊक नव्हती. कोठीदार तर कधी खळ्यावर उतरलाच नव्हता. नंतर आत गेलं ते सगळं घेतलेलं होतं. त्यात दिलेला दाणा एकही नव्हता.

भिवरानं मूठ उघडली. "नावजीच्या नावानं," ती म्हणाली.

दाणे गेले. सगळ्यांनी श्वास धरला. आणि खूप खालून, वीस वर्षांत पहिल्यांदा, आवाज आला. दगडावर दाणे पडावेत तसा, चुरचुर, आणि मग एक दाणा मागं राहिलेला, टप्.

काळकोठ्याचा चेहरा पांढरा पडला. ती मूठ वर काढायला तो स्वतःच दोरावरून आत उतरला. तेवढ्यात विहिरीला झरा लागावा तसं धान्य खालून वर येऊ लागलं. जे वीस वर्षं नुसतं पडतच होतं, त्याला टेकायला जागा मिळाली होती. आधी परवाची बाजरी आली, मग गेल्या सालची ज्वारी, मग त्याच्या मागच्या सालची. लोक काठावर वाकून आपापला दाणा ओळखू लागले. ही माझ्या माळावरची तांबडी. हा तुमचा करपा पडलेल्या सालचा गहू. ही माझ्या थोरल्याच्या हातची शेवटची पेरणी, असं एक बाई म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. धान्य काठाला आलं, काठावर शीग चढली, आणि सूर्य टेकायच्या आत कोठार भरलं.

काळकोठ्या वर आला नाही. शिगेवर एक काळा सोंडकिडा फिरत होता. त्याच्या मागं काळकोठ्याचं पागोटं आलं, शेवाची गाठ आपोआप सुटली आणि वारा मोकळा झाला. अजून धान्यात तो किडा सापडतो. बाया त्याला पाखडून बाहेर टाकतात.

राजा गवाक्षातून उतरला, चिमूटभर दाणे उचलून त्यानं तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिला. त्याचं पोट भरलं. तो म्हणाला, "शपथ पुरी झाली. ज्याचा दाणा त्यानं हवा तिथं न्यावा. शिवेवर कोणी अडवायचं नाही." वीस वर्षांत तो तेवढंच बोलला, पण ते पुरलं.

शिवेवर दगडांची माणसं झाली. बाजार उठला की काय, असं एकमेकांना विचारत ती निघाली, आणि घरी गेल्यावर आपल्याच पोरांना परक्यासारखी बघत राहिली. काहींच्या आतली ऊब आधीच गेली होती. ते उभेच राहिले.

नावजी कोठारात होता. लोकांनी आपापलं धान्य नेलं, कोठार उपसत उपसत तळाला गेलं, तेव्हा तो दिसला. दगडच होता, पण आता बसलेला, आणि पंजा डोक्यावरून काढून पुढं धरलेला. पंजात मूठभर ज्वारी होती. भिवरानं छातीला हात लावून पाहिलं. कोमट होता.

टिटवी काठावर बसली होती. "उठवशील तर उठेल," ती म्हणाली. "पण तळ म्हणून बसलाय तो. तो उठला की कोठार पुन्हा तसंच."

भिवरा त्याच्याशेजारी दिवसभर बसली. लोक वर वाट बघत होते. संध्याकाळी ती एकटीच वर आली. ते कोठार मग सगळ्या गावांचं झालं. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेवढं ठेवावं, दुष्काळाला काढावं. दर सुगीला पहिली मूठ भिवरा टाके.

दुसऱ्या सुगीला तिनं आपल्या रानातली ज्वारी पोत्यात भरली. खुंटीवरची चुंबळ काढून डोक्यावर ठेवली, तिच्यावर पोतं घेतलं आणि नदीच्या वाटेला लागली. शिवेवर ती जरा थांबली. मग एक पाऊल टाकलं. पोत्यात दाणे दाणेच राहिले. बाजारात तिनं भाव सांगितला, माप आपल्या हातानं भरलं, आणि येताना मीठ आणलं.

त्या दिवशी तिनं कालवणात मीठ घातलं आणि दोन ताटं वाढली.

खळ्यावरून निघालेली गोष्ट कणगीच्या तळाशी पोचली. ज्याचं धान्य त्याच्या हाती माप राहो.